खाशाबा जाधव : सात हजारांचं गहाण आणि एक ऑलिंपिक पदक



१ ऑगस्ट २०२४ चा गुरुवार आठवतो का? आपल्या सगळ्यांच्या शाळांत त्या दिवशी सकाळी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती झाली असणार. आमच्याकडेही झाली. लेकरांची भाषणं, हार, खिचडी, सगळं आटोपलं आणि दुपारच्या तासाला मोबाईल वाजला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळालं होतं. मी वर्गात सांगितलं, लेकरांनी बाकं बडवली, आणि त्या दिवशी गणिताचा तास काही झाला नाही.

संध्याकाळी आम्ही चार-पाच शिक्षक नेहमीच्या चहाच्या टपरीवर जमलो. आम्ही डी.एड.ला एकत्र होतो, आता वेगवेगळ्या शाळांवर आहोत. विषय अर्थातच खेळाचा निघाला. एकाला १९८३ चा वर्ल्ड कप आठवायला लागला. खरं तर त्याचा जन्म त्यानंतरचा, पण वडिलांकडून इतक्यांदा ऐकलंय की तो स्वतः लॉर्ड्सवर असल्यासारखा सांगतो. दुसऱ्याने शारजातला सचिन काढला. आमच्यातल्या मॅडम खो-खो खेळलेल्या, त्यांनी आपल्या धाराशिवच्या सारिका काळेचं नाव घेतलं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मॅडमचं म्हणणं, आपल्या जिल्ह्यातल्या पोरीचं सोडून तुम्ही शारजाला कशाला जाता? बरोबर होतं.

माझं बालपण जत्रेतल्या कुस्त्यांत गेलेलं. रेवड्यांवरच्या कुस्तीत मी दोनदा लढलो आणि दोन्ही वेळा पाठीला माती लावून, तरीही मूठभर रेवड्या घेऊन घरी आलो. त्यामुळे मी खाशाबा जाधवांचं नाव काढलं. स्वप्निलच्या पदकामुळे ते नाव त्या दिवशी सगळीकडे होतंच. १९५२ नंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं, असं टीव्हीवर सारखं सांगत होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो आणि दोन मिनिटांत संपलो. गाव गोळेश्वर, हेलसिंकी, कांस्यपदक. बस्स. पुढे मॅडमनी विचारलं की त्या काळात त्यांना तिथपर्यंत पाठवलं कुणी, खर्च कुणी केला, सोबत कोण होतं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. दरवर्षी परिपाठात ज्यांचं नाव घेतो, त्या माणसाविषयी मला चार ओळी माहीत होत्या.

त्यानंतर मी जे वाचलं, ते आज तुमच्यासाठी लिहितोय. आता १५ जानेवारी, म्हणजे खाशाबांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपल्याला लेकरांसमोर उभं राहायचंच आहे, तर चार ओळींच्या पुढचं सांगू या.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. गोळेश्वर कराडला लागूनच आहे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. वडिलांनी पाचव्या वर्षीच त्यांना मातीत उतरवलं. शेतकऱ्याचं घर, तालमीची आवड आणि घरातच वस्ताद, म्हणजे ज्याला आपण आज कोचिंग म्हणतो ते त्यांना अंगणातच मिळालं. पुढे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं.

एक गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. खाशाबा शाळा सोडून पैलवान झाले नाहीत. १९४० ते १९४७ ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. खेळ की अभ्यास, हा प्रश्न आपण पालक सभेत दर महिन्याला ऐकतो. खाशाबांच्या बाबतीत उलटं झालं. ते कॉलेजात नसते, तर पुढचं पदक मिळालंच नसतं. का, ते पुढे येईलच.

शाळेत असतानाच १९४२ ची चळवळ आली. सातारा जिल्हा तर तेव्हा पेटलेला होता. नाना पाटलांचं प्रतिसरकार त्याच मुलखातलं. विद्यार्थी खाशाबाही त्यात ओढले गेले. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, त्यांची पत्रकं इकडून तिकडे पोचवणं ही कामं त्यांनी केली. पुढे स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. आपला तिरंगा ऑलिंपिकमध्ये वर चढला पाहिजे, हे त्यांनी त्याच सुमाराला मनाशी ठरवलं असं सांगतात.

संधी लगेच आली. १९४८ चं लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा तो पहिलाच ऑलिंपिक संघ. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. कोल्हापूर संस्थानाला कुस्तीचं वेड शाहू महाराजांपासूनचं. खासबागचं मैदान त्यांनीच बांधून घेतलेलं. त्यामुळे गादीवरच्या महाराजांना एका पैलवानाला विलायतेला पाठवणं काही नवल वाटलं नसावं.

पण लंडनला गेल्यावर खाशाबांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली, आणि ती लेकरांना नीट समजावून सांगण्यासारखी आहे. आपली कुस्ती मातीतली. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची आणि त्यात लढायचं. पाठ टेकली की निकाल. घड्याळ कुणी बघत नाही, कुस्ती रंगली तर तास तास चालते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तिथे पाय मातीसारखा रुतत नाही. कुस्तीला पंधरा मिनिटांची मर्यादा. पाठ टेकली नाही तर पंच ठरवणार कोण जिंकलं. म्हणजे बावीस वर्षांचा एक मुलगा, जो आयुष्यभर एक खेळ खेळला, त्याला परक्या देशात जाऊन त्याच नावाचा जवळजवळ दुसराच खेळ खेळायचा होता. आपल्या जिल्हा परिषद शाळेतलं लेकरू पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर धावायला जातं, तेव्हा त्याची जी गत होते, तीच.

लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने शिकवलं. दिवस थोडे होते. तरी फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोच्या आतल्या गटात, खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचं चाललं नाही. शेवटी सहावा क्रमांक.

इथे मी थोडा थांबतो, कारण आपण सगळे इथेच घाई करतो. निबंधात, भाषणात लंडन एका ओळीत उरकतं आणि गाडी थेट हेलसिंकीला. मला स्वतःला हा सहावा क्रमांक पदकाइतकाच मोठा वाटतो. गादी पाहून किती दिवस झाले होते त्यांना? आणि पदक नाही मिळालं म्हणून गावात कुणी बैलगाड्या जुंपल्या नसणार. ते परत आले आणि पुढची चार वर्षं सराव करत राहिले. याच काळात त्यांनी वजनगटही वरचा निवडला, बँटमवेट, ५७ किलोचा. उंची बेताची, शरीर काटक, पण हालचाल विजेसारखी. त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणायचे ते यामुळेच. त्यांचा आवडता डाव ढाक. समोरच्याची मान काखेत घट्ट धरायची, वळायचं आणि कमरेच्या झटक्याने त्याला उलटा पाडायचा. मोठ्या ताकदीच्या पैलवानापेक्षा चपळ पैलवानाला हा डाव जास्त शोभतो. वर्गात सांगताना हावभाव करून दाखवा, पण लेकरांना एकमेकांवर करून बघू देऊ नका. मी अनुभवाने सांगतोय. आमच्या शाळेत एकाची मान दोन दिवस वाकडी होती आणि त्याच्या आईला मला घरी जाऊन समजावावं लागलं.

आता १९५२. हेलसिंकी, फिनलंडची राजधानी. जाण्याआधी दोन डोंगर ओलांडायचे होते.

पहिला निवडीचा. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास या पैलवानाकडून खाशाबा एका गुणाने हरल्याचं जाहीर झालं. गुण देण्यात आपल्यावर अन्याय झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाचे महाराज यादविंदर सिंह तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांना खेळातलं कळत होतं. त्यांनी कुस्ती पुन्हा लावायला सांगितली, आणि या वेळी खाशाबा जिंकले. हा प्रसंग ध्यानात ठेवा. हाच माणूस पुढे हेलसिंकीत दाद मागायला कुणी नाही म्हणून कसा अडचणीत आला, ते वाचताना तो आठवेल.

दुसरा डोंगर पैशाचा. निवड झाली, पण जायचं कशाने? १९४८ ला महाराज होते. आता संस्थान विलीन झालेलं. सरकारकडे अर्ज गेले, मदत लवकर येईना. खाशाबा आणि त्यांचे घरचे लोक गावात, कराडात दारोदार फिरले. गोळेश्वरच्या लोकांनी ज्याला जमेल तसं दिलं. जिथे लग्नाला कर्ज काढावं लागायचं, त्या गावाने एका पोराच्या कुस्तीसाठी पैसे काढले. मुंबई राज्याच्या सरकारने शेवटी ४००० रुपये दिले. तरी रक्कम पुरी होईना.

आणि इथे एक शिक्षक पुढे आला.

राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. खाशाबा त्यांचा विद्यार्थी. खर्डेकरांनी काय केलं? स्वतःचं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण टाकलं आणि ७००० रुपये उभे करून विद्यार्थ्याच्या हातात दिले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो परिच्छेद पुन्हा वाचला. आपण शिक्षक लेकरांसाठी काही ना काही करतो. वही देतो, सहलीचे पैसे भरतो, एखाद्याच्या परीक्षेची फी भरतो. त्याची कधी बढाई मारत नाही. पण घर? मी त्या रात्री बायकोला सहज विचारलं की समजा मी आपलं घर गहाण टाकून एका विद्यार्थ्याला परदेशी पाठवलं तर? तिने ताटावरून वर न बघता विचारलं, की घराचे हप्ते कुणी भरायचे. प्राचार्यांच्या घरातही हा प्रश्न निघाला असेलच की. पुस्तकांत त्या घरच्या माणसांविषयी काही वाचायला मिळत नाही. पण पदक जर कुणाच्या भरवशावर मिळालं असेल, तर त्या घरातल्या सगळ्यांच्या.

एवढं करून खाशाबा हेलसिंकीला पोचले. त्यांच्यासोबत के. डी. माणगावे हे आणखी एक मराठी पैलवानही भारतीय संघात होते. फेदरवेट गटात माणगावे चौथे आले. चौथे! म्हणजे पदकाच्या उंबऱ्यावरून परत. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? मला नव्हतं. टपरीवरच्या आमच्या मंडळींनाही नव्हतं. एकाच संघातले दोन मराठी पैलवान, एकाला तिसरा नंबर, एकाला चौथा, आणि त्या एका नंबरात आठवणीचं सगळं अंतर.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं. मग मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला. मग जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला. तीन कुस्त्या, तीन विजय. पुढे जपानचा शोहाची इशी. ही कुस्ती पंधरा मिनिटं पूर्ण चालली आणि खाशाबा हरले. हा इशी कुणी साधासुधा नव्हता. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेलं एकुलतं एक सुवर्णपदक त्याचंच.

त्यानंतर जे घडलं, ते खाशाबांच्या चरित्रात सगळीकडे सांगितलं जातं. इशीशी दमछाक झालेली कुस्ती संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवविरुद्ध लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते पंचांना सांगणार कोण? खाशाबांच्या बाजूने बोलायला त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. भाषा परकी, देश परका, अंगातला घाम अजून वाळलेला नाही. खाशाबा गादीवर उतरले आणि हरले. मामादबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्ण जिंकलं. त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. देशाला हॉकीचं सुवर्ण नवं नव्हतं, पण सुवर्ण ते सुवर्णच. एका पैलवानाचं कांस्य त्या उजेडात किती दिसलं असेल, तुम्हीच विचार करा.

जाता जाता एक दुरुस्ती, कारण आपल्या भाषणांत ही चूक हमखास असते, माझ्याही असायची. खाशाबांचं पदक भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक नाही. हॉकीचं सुवर्ण १९२८ पासून आहे. आणि १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं मिळवली होती. खाशाबांचं पदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. लेकरांना दोन्ही शब्द, स्वतंत्र आणि वैयक्तिक, समजावून सांगा. त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. अटलांटाला टेनिसमध्ये लिअँडर पेसचं कांस्य. मधे ४४ वर्षं.

दिल्ली-मुंबईत काय झालं ते सोडा, कराडात मात्र दिवाळी झाली. खाशाबा रेल्वेने कराडला उतरले, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीसाठी शंभरावर बैलगाड्या सजवून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले. आपल्या भागातल्या लेकरांना हे चित्र सांगायला सोपं जातं. पोळ्याला सजलेले बैल त्यांनी पाहिलेत. तसे शंभर जोड, एकामागे एक, आणि पहिल्या गाडीत एक सव्वीस वर्षांचा तरुण. माझ्या वर्गातल्या एकाने विचारलं, की मग डीजे नव्हता का. नव्हता, बाळा.

मिरवणूक संपली. आता तुम्ही असता तर काय केलं असतं? चार दिवस सत्कार घेतले असते. खाशाबांनी कुस्त्या लावल्या. कोल्हापूरला फड भरवला, स्वतः लढले, जिंकले, आणि जो पैसा आला तो प्राचार्य खर्डेकरांना नेऊन दिला. गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिंपिकचं पदक गळ्यात पडल्यावर पहिलं काम कर्ज फेडण्याचं. मला विचाराल तर खाशाबांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी कुस्ती हेलसिंकीची नाही, ही कोल्हापूरची आहे. टपरीवर मी हे मत मांडलं तेव्हा मॅडमना पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की खेळाडूला आपल्या पदकाचं कर्ज मातीत लढून फेडावं लागतं यात गौरव कसला, ही तर लाज आहे आणि ती खाशाबांची नाही. त्यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं आनंदाचं त्यात कमी आहे. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले. पुढच्या ऑलिंपिकला जाण्याची उमेद होती, पण गुडघ्याची दुखापत आड आली. पोलीस दलात त्यांनी पैलवान शिकवले, स्पर्धा जिंकल्या. सेवा सत्तावीस वर्षांची. सहायक पोलीस आयुक्त हे पद मिळालं ते निवृत्तीच्या तोंडावर. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या ज्योत-दौडीत त्यांना बोलावलं गेलं, तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते. १४ ऑगस्ट १९८४ ला कराडजवळ मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी.

जिवंतपणी पद्म पुरस्कार नाही, अर्जुन नाही. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर, गेल्यानंतर सोळा वर्षांनी. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२३ च्या १५ जानेवारीला गूगलने त्यांचं डूडल केलं, आणि लेकरांनी मला विचारलं की हे कोण. पण मधेच, २०१७ मध्ये, त्यांच्या कुटुंबीयांनी ते कांस्यपदक लिलावात काढण्याची भाषा केल्याची बातमी आली होती. कारण काय, तर गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल होणार म्हणून जाहीर झालेलं, ते उभं राहीना. त्यासाठी पैसा उभा करायला पदक विकायचं. १९५२ ला घर गहाण टाकून पदक आणलं, आणि ६५ वर्षांनी पदक विकून इमारत उभी करायची वेळ. बातमी वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या धाराशिवला तुळजाभवानी स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण असतील. मीही होतो. माती आणि गादी, दोन्ही विभाग. तिथे गादीवर लढणारी पोरं पाहताना मला काहीच विशेष वाटलं नव्हतं, गादी आता गावोगाव झालीय. आता वाटतं, की लंडनला गादीवर पाय ठेवताना त्या बावीस वर्षांच्या मुलाला काय वाटलं असेल, याचा विचार त्या दिवशी मनात यायला हवा होता.

आता शेवटचं, आणि हे माझं स्वतःचं आहे. लिहू की नको, असं दोन-तीनदा झालं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ एका स्पर्धेला गेला होता. संघासोबत मीच. उन्हाचा दिवस. आमच्या पोरींनी पहिला सामना अटीतटीने जिंकला. त्या अजून झाडाखाली पाणी पीत होत्या, एकीचा पाय लचकलेला, आणि दहा मिनिटांत पुढच्या सामन्याची शिट्टी झाली. आयोजकांना स्पर्धा अंधार पडायच्या आत उरकायची होती. मी काहीच बोललो नाही. दोन सामन्यांत किती वेळ द्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. नियमपुस्तिका मी कधी उघडली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, उगाच वाद नको, पुढच्या वर्षीही यांच्याकडेच यायचंय, असा हिशोब डोक्यात होता. पोरी उतरल्या आणि हरल्या. परत येताना टेम्पोत कर्णधार मुलीने विचारलं, की सर, तुम्ही थोडा वेळ मागितला का नाही? मी म्हणालो की तसं चालत नसतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

१५ जानेवारी २०२५ ला मी परिपाठात खाशाबांची गोष्ट सांगितली. चार ओळींची नाही, सगळी. लंडनचा सहावा नंबर, खर्डेकर सरांचं घर, माणगावेंचा चौथा नंबर. मामादबेयोवच्या कुस्तीपर्यंत आलो आणि सांगितलं, की त्यांच्या बाजूने बोलायला तिथे कुणी नव्हतं. ती कर्णधार मुलगी आता आमच्या शाळेत नाही, हायस्कूलला गेली. पण तिची धाकटी बहीण चौथीत आहे, पुढच्या रांगेत बसते. ती माझ्याकडे बघत होती. तिला घरी काय काय सांगितलेलं असेल, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात मी खो-खोच्या नियमांची पुस्तिका मागवली. ती आता वर्गाच्या कपाटात खडूच्या खोक्याशेजारी असते. आधी मी वाचली, मग पोरींनाही वाचायला दिली. पुढच्या स्पर्धेला ती खिशात घेऊनच गेलो. दोन सामन्यांमध्ये पंचांकडे जाऊन उभा राहिलो, पान उघडून दाखवलं, जरा आवाज चढला, थोडे लोक जमले. पोरींना वेळ मिळाला. त्या झाडाखाली बसून संत्री खात होत्या आणि मी तिथेच पंचांच्या टेबलाजवळ घड्याळ बघत उभा होतो.